गुपित कुणाच्या मालकीचं

'लेडी ऑडलीज सीक्रेट' ही कादंबरी निव्वळ रहस्यकथा म्हणून हाती घेणाऱ्या सराईत वाचकाला तिचा पहिला एक-तृतीयांश हिस्सा संपायच्या आतच बहुतेक सगळं उमगलेलं असतं. गळ्यातली काळी फीत, फितीला अडकवलेली अंगठी, अंगठीभोवती गुंडाळलेला जुना पिवळा कागद. ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणींवर नशीब काढून परतलेला नवरा. 'टाइम्स'मधली मृत्यूची दोन ओळींची नोंद. आणि एसेक्समधल्या एका जुन्या वाड्यात नव्यानं नांदायला आलेली, सोनेरी कुरळ्या केसांची, निळ्या डोळ्यांची, नोकरचाकरांपासून गावातल्या गोरगरिबांपर्यंत सगळ्यांना हवीहवीशी वाटणारी तरुण मालकीण. यांची बेरीज करायला गुप्तहेर लागत नाही. मेरी एलिझाबेथ ब्रॅडनला याची कल्पना नव्हती असं मात्र समजू नये. 'कुणी केलं' या प्रश्नात तिला फारसा रस नाही. पाठलाग करणारा पुरुष आणि पाठलाग ओळखून असलेली बाई एकाच दिवाणखान्यात चहा घेताहेत, हसून बोलताहेत, आणि दोघांनाही समोरच्याचं सगळं ठाऊक आहे, हा तिचा खरा विषय.

पुढे मी कथानक मोकळेपणानं सांगणार आहे. कोरी कादंबरी वाचण्याची हौस असलेल्यांनी आधी ती वाचावी आणि मग, वाटलंच तर, इकडे वळावं. प्रस्तावना आधी छापल्या जातात त्या निव्वळ रिवाज म्हणून.

कथा अशी. सर मायकेल ऑडली हा छप्पन्न वर्षांचा श्रीमंत विधुर गावातल्या डॉक्टर डॉसनच्या घरी मुलांना शिकवणाऱ्या लुसी ग्रॅहमच्या प्रेमात पडतो. ती त्याच्याशी लग्न करते. पण लुसी ग्रॅहम ही मुळात हेलन टॉलबॉइज आहे. तिचा नवरा जॉर्ज एका रात्री ती झोपलेली असताना चिठ्ठी ठेवून, तान्ह्या मुलासह तिला दारुड्या बापाच्या हवाली करून ऑस्ट्रेलियाला निघून गेलेला. साडेतीन वर्षांनी तो वीस हजार पौंड घेऊन परततो. त्याच्या येण्याचा सुगावा लागताच लेडी ऑडली आपल्याच मृत्यूची व्यवस्था करते. क्षयानं मरणपंथाला लागलेली मटिल्डा प्लाउसन नावाची एक मुलगी वेंटनरला हेलन टॉलबॉइज म्हणून पुरली जाते, आणि पेपरात नोंद येते. जॉर्ज कोसळतो. योगायोगानं त्याचा जिवलग मित्र रॉबर्ट ऑडली हा सर मायकेलचाच पुतण्या निघतो. दोघं ऑडली कोर्टला, म्हणजे सर मायकेलच्या वाड्यावर, जातात, जॉर्ज तिथून नाहीसा होतो, आणि आजवर एकही खटला न लढलेला, फ्रेंच कादंबऱ्या वाचत पाइप ओढणारा आळशी बॅरिस्टर रॉबर्ट कामाला लागतो.

1861च्या जुलैत ही कथा 'रॉबिन गुडफेलो' या साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली. प्रकाशक जॉन मॅक्सवेलला ऐनवेळी कादंबरी हवी होती आणि ब्रॅडननं पहिलं प्रकरण एका रात्रीत लिहून सकाळी न्याहारीच्या टेबलावर ठेवलं, ही आख्यायिका तिच्याबद्दल लिहिणारा प्रत्येक जण सांगतो, तेव्हा मीही सांगून टाकतो. साप्ताहिक काही महिन्यांतच बंद पडलं. कथा अर्धवट राहिली, पुढे 'सिक्सपेनी मॅगझिन'मधून पूर्ण झाली, आणि ऑक्टोबर 1862 मध्ये टिन्सली बंधूंनी तीन खंडांत पुस्तक काढलं. वर्ष सरेपर्यंत आठ आवृत्त्या निघाल्या. विल्यम टिन्सलीनं पुढे बार्न्सला बंगला बांधला आणि त्याचं नाव ठेवलं 'ऑडली लॉज'.

त्या दशकात अशा कादंबऱ्यांची लाटच आली होती. विल्की कॉलिन्सची 'द वुमन इन व्हाइट', एलेन वुडची 'ईस्ट लिन' आणि ब्रॅडनची ही. समीक्षक त्यांना तुच्छतेनं 'सेन्सेशन नॉव्हेल' म्हणत. हेन्री मॅन्सेलनं 1863 मध्ये 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'मध्ये लांबलचक लेख लिहून या साऱ्या प्रकाराची हजेरी घेतली. त्याची मुख्य तक्रार ही की हे लेखन बुद्धीला सोडून थेट मज्जातंतूंना हात घालतं. तक्रार खोटी नव्हती. पूर्वीच्या भयकथा इटलीतल्या पडक्या किल्ल्यांत घडत. या कथा शेजारच्या घरात घडू लागल्या. इथे आगगाड्यांची वेळापत्रकं आहेत, तारा आहेत, वर्तमानपत्रातल्या जाहिराती आहेत. टोपीच्या जुन्या खोक्यावर प्रवासाची दोन लेबलं एकावर एक चिकटवलेली आहेत. वरच्यावर मिस ग्रॅहमचं नाव, आणि रॉबर्ट ते हलक्या हातानं सोलून काढतो तेव्हा खालच्यावर मिसेस जॉर्ज टॉलबॉइजचं. ऑगस्ट 1854 मध्ये एक बाई समुद्रकाठचं एक गाव सोडते आणि एक-दोन दिवसांतच लंडनच्या एका शाळेत दुसरी बाई हजर होते. पुरावा म्हणजे एवढंच. रक्त नाही, प्रेत नाही.

वाचकांच्या मनात तेव्हा रोड हिल हाउसचं प्रकरण ताजं होतं. 1860च्या उन्हाळ्यात विल्टशरमधल्या एका प्रतिष्ठित घरात तीन-चार वर्षांच्या मुलाचा खून झाला. स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर व्हिचर यानं सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीवर, कॉन्स्टन्स केंटवर, संशय घेतला आणि अख्खा देश त्याच्यावर तुटून पडला. चांगल्या घरच्या मुलीवर असा आरोप करणं हीच लोकांना विकृती वाटली. पाच वर्षांनी तिनं गुन्हा कबूल केला. पण ब्रॅडन लिहीत होती तेव्हा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की बंद दाराआडच्या सभ्य घराकडे पोलिसानं पाहायचं नसतं. रॉबर्ट ऑडली पोलीस नाही, घरातलाच आहे, ही सोय लेखिकेनं उगाच केलेली नाही.

लेडी ऑडलीला त्या काळच्या समीक्षकांनी राक्षसीण ठरवलं आणि वाचकांनी डोक्यावर घेतलं. दोन्हीचं कारण तिचं रूप. तोवर गोष्टींतली घातकी बाई दिसताक्षणी ओळखू येई. काळेभोर केस, जळते डोळे, परदेशी रक्त. ब्रॅडननं खलनायिकेला सद्गुणी नायिकेचा चेहरा दिला. ती पियानो वाजवते, आजाऱ्यांना भेटायला जाते, लहान मुलीसारखी खिदळते, आणि पाठोपाठ पहिल्या नवऱ्याला विहिरीत ढकलते. पुढच्या शतकातल्या सिनेमानं तिचे वंशज मुबलक पैदा केले. 1915 मध्ये थेडा बारानं ही भूमिकाच पडद्यावर केली, आणि 1944च्या 'डबल इंडेम्निटी'तल्या बार्बरा स्टॅनविकच्या सोनेरी विगपर्यंत हे नातं ओढत नेता येतं. मात्र त्या सिनेमांतल्या बायका पुरुषाला मोहात पाडून त्याच्या हातून गुन्हा करवून घेतात. लेडी ऑडली आपली कामं स्वतः करते.

लग्नाच्या मागणीचा प्रसंग सावकाश वाचण्यासारखा आहे. सर मायकेल म्हातारपणी प्रेमात पडलेल्या माणसाच्या भाबडेपणानं तिला बजावतो, की प्रेम नसेल तर हो म्हणू नकोस, ते पाप आहे. लुसी गुडघ्यांवर कोसळते आणि आपल्याला निरिच्छ राहणं परवडणारं नाही असं त्याला सांगते. जन्मापासून दारिद्र्य पाहिलेल्या माणसाकडून ही अपेक्षा करू नका, या अर्थाचं ती बोलते. ती इथे खोटं बोलत नाहीये. त्या अख्ख्या संसारात तिनं सांगितलेलं सगळ्यात मोठं सत्य हेच, आणि तो ते ऐकूनही सौदा पक्का करतो. खोलीतून बाहेर पडताना त्याला आपण मेलेली आशा उराशी घेऊन चाललोय असं वाटत असतं. पुढे त्याची फसवणूक झाली म्हणून हळहळणाऱ्या वाचकानं हे पान पुन्हा उघडून पाहावं.

तिच्यापुढे मार्ग तरी कोणते होते? सर मायकेलशी लग्न झालं 1857 मध्ये. इंग्लंडात न्यायालयातून घटस्फोट मिळण्याची सोय करणारा कायदा त्याच साली मंजूर झाला आणि 1858च्या जानेवारीपासून लागू झाला. त्याआधी पूर्ण घटस्फोटासाठी संसदेत स्वतंत्र विधेयक आणावं लागे, आणि एवढ्या वर्षांत जेमतेम चार स्त्रियांना तो मिळाला होता. नवा कायदाही तिच्या कामाचा नव्हता. पुरुषाला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणं पुरे होतं. बाईला व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, दोन वर्षांचा परित्याग किंवा तसंच काही दाखवावं लागे. नुसतं टाकून जाणं पुरेसं नव्हतं. सात वर्षं नवऱ्याचा पत्ता नसेल तर दुसरं लग्न गुन्हा ठरत नसे, पण तिची सात वर्षं भरायची होती. जॉर्जनं नशीब फळफळेपर्यंत एक ओळ पाठवलेली नाही. आणि तरीही कादंबरीभर आपण जॉर्जसाठी डोळे पुसावेत अशी अपेक्षा आहे, कारण तो बोटीवर बायकोच्या आठवणीनं तळमळत होता. रॉबर्टला मित्राच्या वागण्यात फारसं खटकण्यासारखं काही सापडत नाही. लेखिकेला सापडतं की नाही, हे ठरवणं अवघड आहे. ती तपशील पुरवते आणि गप्प बसते.

आता त्या भागाकडे येतो ज्यासाठी मी हे पुस्तक पुन्हा पुन्हा वाचतो. रॉबर्ट जवळ येत चाललाय हे कळल्यावर लेडी ऑडली पहिलं हत्यार उपसते ते वेडाचं. ती सर मायकेलच्या मनात हळूच भरवते, की पुतण्याचं डोकं फिरलंय, मित्राच्या नाहीसं होण्याचा त्यानं ध्यास घेतलाय, एकाच कल्पनेनं माणूस पछाडला जातो तसं झालंय. हे तिला इतकं सफाईनं जमतं की खुद्द रॉबर्टलाही क्षणभर आपल्या शुद्धीची शंका येते. वेड्यांच्या इस्पितळात धडधाकट माणसांना डांबण्याची प्रकरणं तेव्हा गाजत होती, 1859 मध्ये संसदेची समितीही बसली होती. म्हणजे धमकी पोकळ नव्हती. पण तिचा वार वाया जातो. मग ती आग लावते. कॅसल इन या खाणावळवजा सरायीत रॉबर्ट मुक्कामाला असतो. त्याच्या म्हणून समजलेल्या खोलीला ती बाहेरून कुलूप घालते आणि मेणबत्ती ठेवून निघून येते. रॉबर्टनं खोली बदललेली असते. भाजतो तो तिला पैशांसाठी पिळणारा दारुडा ल्यूक मार्क्स.

शेवटी ती कबुली देते आणि कबुलीतच आपल्या गुपिताचं नाव सांगते: वेड. आई वेडी होती, ते रक्तात आलंय. रॉबर्ट लंडनहून डॉक्टर मॉसग्रेव्हला बोलावतो. हा प्रसंग इंग्रजी कादंबरीतल्या सर्वांत थंड डोक्यानं लिहिलेल्या प्रसंगांपैकी एक आहे असं माझं मत आहे. डॉक्टर सगळी हकीकत ऐकून घेतो आणि म्हणतो, यात वेडाचा पुरावा नाही. घर सुखाचं नव्हतं म्हणून ती पळाली, श्रीमंती मिळत होती म्हणून दुसरं लग्न केलं, अडचणीत आल्यावर डोकं शांत ठेवून योजना आखली. रॉबर्टला हे निदान परवडणारं नाही. कारण ती शहाणी असेल तर न्यायालय आलं, वर्तमानपत्रं आली आणि ऑडली घराण्याचं नाव चव्हाट्यावर आलं. जॉर्जच्या गायब होण्याची बाब पुढे केल्यावर डॉक्टर तिला काही मिनिटं भेटून येतो आणि मत थोडं सरकवतो. सुप्त वेड आहे, सदासर्वकाळ नाही, पण ती घातक आहे. तिला कायमची गाडून टाकणं ही समाजाची सेवा होईल, असंही तो सुचवतो. पत्ता बेल्जियममधल्या एका संस्थेचा.

प्रवासात रॉबर्ट तिला नाव देतो. मादाम टेलर. ज्या बाईचा मुख्य अपराध नाव बदलणं, खोटी ओळख घेणं आणि एका जिवंत बाईला मेली म्हणून पुरणं हा होता, तिच्यावर कुटुंबातला सर्वांत सज्जन पुरुष नेमके हेच तीन उपचार करतो. आपल्याला जिवंतपणी थडग्यात आणलंय असं ती त्याला तोंडावर सांगते. त्याच्याकडे उत्तर नाही.

आणि नंतर कळतं की जॉर्ज मेलेलाच नाही. हात मोडलेल्या अवस्थेत तो विहिरीतून वर आला, ल्यूकच्या मदतीनं निघाला आणि न्यूयॉर्कला गेला. म्हणजे ज्या खुनाच्या संशयावरून डॉक्टरनं मत बदललं तो खून झालाच नव्हता. यावर तिची सुटका करावी, निदान फेरविचार करावा, असं एकाही पात्राच्या मनात येत नाही. अमेरिकी समीक्षक इलेन शोवॉल्टर यांनी 1977 मध्ये असं मांडलं की लेडी ऑडलीचं खरं गुपित हे की ती शहाणीच आहे. मला त्यापुढे थोडं जावंसं वाटतं. कादंबरीच्या उत्तरार्धात गुपिताचा मालक बदलतो. सुरुवातीला ते एका बाईचं असतं आणि ती ते एकटी, घाबरत, चुका करत सांभाळते. अखेरीस ते एका घराण्याचं होतं. वकील, डॉक्टर, परदेशी संस्था आणि पैसा दिमतीला असल्यामुळे ते फार सफाईनं सांभाळलं जातं. वाडा बंद होतो, तिच्या तसबिरीवर पडदा पडतो.

ती तसबीर विसरू नये. प्री-राफेलाइट पंथाच्या कुणा चित्रकारानं ती काढलीय, आणि एकेक केस, एकेक छटा इतकी ताणलीय की सुंदर चेहऱ्यावर काहीतरी दुष्ट उमटलंय. पाहणारे त्यात तिचं अंतरंग शोधतात. चित्रकारानं बाईचं गुपित ओळखलं की पुरुषांच्या भीतीला रंग दिला, हा प्रश्न ब्रॅडन मोकळा सोडते. तसबीर पाहताना जॉर्ज मात्र पाव तास बोलत नाही, आणि त्याला बोलता न येण्याचं कारण कलेशी संबंधित नाही.

लेखिकेच्या आयुष्याबद्दल थोडं सांगायला हवं, पण जपून. 1835चा जन्म, लंडनचा. वकील बापापासून आई लवकर वेगळी झाली. घर चालवायला मुलगी मेरी सेटन या नावानं काही वर्षं गावोगावच्या रंगभूमीवर उभी राहिली. म्हणजे नाव बदलून पोट भरणं म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. कादंबरी लिहिली जात असताना ती जॉन मॅक्सवेलबरोबर राहू लागली होती. त्याची पहिली पत्नी मानसिक आजारामुळे आयर्लंडमध्ये वेगळी राहत होती, त्यामुळे लग्न शक्य नव्हतं. 1874 मध्ये ती वारली तेव्हा ब्रॅडन आणि मॅक्सवेल यांचं लग्न झालं, आणि इतकी वर्षं ते झालेलं नव्हतं हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळलं. तोवर तिनं त्याच्या आधीच्या मुलांना आणि आपल्या मुलांना वाढवलं होतं, 'बेल्ग्रेव्हिया' नावाचं मासिक चालवलं होतं. 1915 मध्ये ती गेली तेव्हा तिच्या नावावर ऐंशीच्या आसपास कादंबऱ्या होत्या. कादंबरीतली बंद केलेली बायको आणि घरातली अनुपस्थित बायको यांच्यात सरळ रेघ मारण्याचा मोह होतो. मी ती मारणार नाही. दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर बसून पाहिलेली बाई ही कथा लिहीत होती, इतकं लक्षात असलं म्हणजे झालं.

मराठी वाचकाला या जातीचं लेखन अगदीच परकं नाही. तिच्या आधीच्या पिढीतले जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स यांच्या लंडनच्या रहस्यकथा आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात हातोहात वाचल्या जात, आणि हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' रेनॉल्ड्सच्याच आधारानं 1885 मध्ये उभी राहिली. हरिभाऊंनी त्या सांगाड्यात पुण्याचं मध्यमवर्गीय घर बसवलं आणि पुढे सांगाडा टाकून दिला. ब्रॅडनचंही तसंच म्हणता येईल, फक्त तिनं सांगाडा कधी टाकला नाही. तिचा भाऊ एडवर्ड 1847 पासून हिंदुस्थानात निळीच्या कारखान्यांत आणि मग सरकारी नोकरीत होता, पुढे टास्मानियाचा मुख्यमंत्री झाला. वसाहतीत जाऊन नशीब काढणारे पुरुष आणि मागे राहणाऱ्या बायका हे तिनं कल्पनेतून आणलेलं नव्हतं.

पुस्तकात दोष भरपूर आहेत. योगायोगांवर भार फार आहे. रॉबर्ट अधूनमधून समस्त स्त्रीजातीवर अशी प्रवचनं झोडतो की पानं उलटावीशी वाटतात. जॉर्जची बहीण क्लारा, जिच्याशी रॉबर्टचं लग्न होतं, ती संगमरवरी पुतळ्याइतकीच बोलकी आहे. हे लेखन आठवड्याच्या आणि महिन्याच्या हप्त्यांत वाचण्यासाठी होतं, म्हणून एका बैठकीत संपवण्याचा अट्टहास करू नये. रोज दोन-तीन प्रकरणं पुरे.

1863 मध्ये लंडनच्या रंगभूमीवर या कथेची नाटकं आली. नाटककार हेझलवूडच्या रूपांतरात लेडी ऑडली प्रेक्षकांसमोर वेडी होऊन कोसळते आणि मरते. बेल्जियम नाही, मादाम टेलर नाही. प्रेक्षकांना हिशेब तिथल्या तिथे हवा होता. त्याच वर्षी ब्रॅडननं 'ऑरोरा फ्लॉइड' प्रसिद्ध केली. तिची नायिकाही पहिला नवरा जिवंत असताना दुसरं लग्न करते, तेही, तो मेला या पेपरातल्या बातमीवर विश्वास ठेवून. तिलाही धमकावलं जातं, तिच्यावरही खुनाचा संशय येतो. या वेळी केस काळे आहेत, स्वभाव तापट आहे, आणि बाप गडगंज श्रीमंत आहे. ती दुसऱ्या नवऱ्याच्या घरी सुखानं नांदते, आणि ते पुस्तकही धडाक्यात खपलं.